लेकीचा हेवा

४ ऑगस्ट, सोमवार

पिवळे तारे! भिंगरी आज तोंडावर पिवळे तारे चिकटवून शाळेत गेली. चार तारे. दोन डाव्या गालावर, एक हनुवटीवर, एक थेट कपाळाच्या मधोमध. फोडांवर लावायच्या चिकटपट्ट्या असतात म्हणे. कातडीच्या रंगाच्याही मिळतात, पण हिने मुद्दाम पिवळ्या आणल्या. "लपवायचं कशाला? सगळ्यांना दिसतंच आहे की!" हे तोंडात ब्रश असताना. मग दप्तर उचललं, धाडधाड जिना उतरली आणि खालून मैत्रिणीला हाक मारली. अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

मी खिडकीत उभी.

पुढच्या महिन्यात पंधरा पूर्ण होतील तिला. त्या वयात मी केस डाव्या गालावर ओढून चालायचे. वर्गात डावा गाल भिंतीकडे येईल असाच बाक पकडायचे. बोलताना हात हनुवटीवर. कोणी जवळ आलं की नजर खाली. आजही खालीच! एक्केचाळीस झाली, तरी दर महिन्याला जबड्याच्या कडेने दोन-तीन फोड येतातच. जुने खड्डे तर कुठे जात नाहीत.

मला तिचा राग आला. राग? नाही. निदान इथे तरी खरं लिहावं. हेवा वाटला. पोटच्या पोरीचा.

लिहिलं एकदाचं.

७ ऑगस्ट

आज एकशे बारा काचा. मान अवघडली.

चौदा वर्षं झाली, मी कातडी कापते. असं सांगितलं की लोक दचकतात! त्वचारोग विभागात वरच्या मजल्यावर डॉक्टर पेशंटच्या कातडीचा वाटाण्याहून लहान तुकडा काढतात, तो डबीतून खाली माझ्याकडे येतो. मी तो मेणाच्या ठोकळ्यात बसवते, यंत्रावर त्याचे कागदाहून कितीतरी पातळ काप काढते, कोमट पाण्यावर तरंगवते, काचेवर उचलते, रंगवते. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. अंगठ्याखाली मोजणीचं बटण. टक, टक, टक.

जूनपासून नवा अभ्यास सुरू झालाय. तारुण्यपिटिकांचा! फायलीवर हा शब्द आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी येतात त्यांना काय म्हणायचं, ते फायलीत नाही.

अभ्यास लोणीचा. म्हणजे छोट्या डॉक्टरांचा. त्या गेल्या वर्षी इथे लागल्या, वय असेल तिशीचं. चेहरा असा की आत्ताच ताकातून वर काढलाय. तोंडावर मी 'मॅडम' म्हणते, मनात लोणी. त्या तोंडावर कधी एक फोड आला नसेल, आणि निघाली फोडांचा अभ्यास करायला! माझ्या पोटात दुखतं. स्वभाव चांगला आहे तिचा, त्यानं आणखी दुखतं.

१२ ऑगस्ट

मंगळवारी आणि गुरुवारी भिंगरीची नाटकाची तालीम असते. तालमीची जागा आमच्या विभागाच्या मागच्याच गल्लीत. चारला सुटली की ती माझ्याकडे येते, पाचला आम्ही मिळून घरी. गेली दोन वर्षं माझ्या खोलीत स्टुलावर बसून गृहपाठ करायची. आता लोणीच्या खोलीत बसते!

आज हात धुऊन बोलवायला गेले, तर दोघी हसताहेत. लोणी तिला कागदावर पेशी काढून दाखवत होती. एक गोल, पोट सुटलेला: "ही भक्षक पेशी, दिसेल ते गिळते." एक बारीक, भुवया चढवलेली: "ही टी पेशी, हिचं काम भांडण लावायचं." भिंगरी खिदळतेय. मी चौदा वर्षं त्याच पेशी मोजते. मला कधी सुचलं नाही तिला चित्र काढून दाखवायला. आणि मी दाखवलं असतं तर ती हसली असती का?

मग लोणीने तिला दिव्याखाली बसवलं. गालावर दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं. "ताई, हे वरवरचे नाहीत. खाली गाठी धरताहेत. हिला ओपीडीत आणा. एकवीस तारखेला सकाळी वेळ आहे, नाव घालते. उशीर नको हं."

मी 'हो' म्हटलं.

१३ ऑगस्ट

ती लोणीला 'डॉक्टरताई' म्हणते! माझ्या सख्ख्या मैत्रिणीला मावशी म्हण म्हटलं तर तोंड वाकडं करते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

नेलं नाही.

सकाळी साडेआठला ओपीडीच्या खिडकीवर फोन केला. "आज जमत नाही, तुकडे खूप आलेत." तुकडे सात आले होते. सात! आणि ओपीडी माझ्या डोक्यावर आहे, दोन जिने चढले की झालं.

भिंगरीला म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बघू." ती म्हणाली, "बरं." एवढंच. रुसली नाही, चिडली नाही. आरशासमोर उभी राहून नवा तारा लावला आणि गाणं म्हणत गेली.

आता बसून विचार करतेय, का केलं मी असं? वयात येतात, वयाबरोबर जातात, असं मनाशी म्हणत होते. हे आईचं वाक्य. आई मला हेच म्हणायची. "तोंड धू, तळलेलं खाऊ नकोस, वयाबरोबर जातील." दिवसातून आठ वेळा धुवायचे मी, कातडी सोलवटून निघायची. मला कोणी कुठे नेलं नाही. मी काढलेच ना दिवस?

हे वाक्य लिहून झालं आणि पुन्हा वाचलं. म्हणजे तिनेही काढावेत?

२९ ऑगस्ट

आज लोणीने यादी उघडली.

मोजणाऱ्याला कोणती काच कोणाची ते माहीत नसतं. नुसते आकडे. तसंच हवं, नाहीतर डोळा आपल्याला हवं तेच बघतो. तीन महिने मी आंधळेपणाने मोजत होते. आज पहिल्या चाळीस जणांची यादी उघडली, माझे आकडे त्यांच्यापुढे मांडले.

काही जणांना फोड येतात आणि डाग न ठेवता जातात. काहींच्या कातडीला कायमचे खड्डे पडतात. लोणीचा प्रश्न असा, की दोघांच्या आत काय वेगळं घडतं? आमच्या काचांवर तरी हे दिसलं: ज्यांना खड्डे पडत नाहीत त्यांच्यात टी पेशी पहिल्याच दिवशी झुंडीने येतात, काम उरकतात आणि आठवड्यात पांगतात. ज्यांना खड्डे पडतात त्यांच्यात त्या सुरुवातीला कमी येतात, बिचकत येतात. पण एकदा आल्या की हलत नाहीत. फोड वरून बसला तरी आत ठिय्या मांडून. आग धुमसत राहते आणि आजूबाजूचं चांगलं मांस खात राहते. पडला खड्डा.

आणखी एक. मोठ्या डॉक्टर, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाल्या की हे आधीपासून माहीत आहे, पण मी डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. फोड येणाऱ्या माणसाची फोड नसलेली, साफ दिसणारी कातडी घेतली तरी केसाच्या मुळाशी पेशी जमायला लागलेल्या असतात. वर काही दिसायच्या आधीच! म्हणजे मळाचा प्रश्नच नाही. तोंड धुण्याचा नाही. मी आठ-आठ वेळा उगाच धूत होते.

बाकी सगळे चहाला गेले. मी तिथेच बसले.

लोणी परत येऊन म्हणाली, "ताई, तुमचे आकडे इतके स्वच्छ आहेत ना! दुसऱ्या कोणी मोजलं असतं तर हे दिसलंच नसतं." मग, जाता जाता: "भिंगरीला कधी आणताय? खाली धुमसत असेल तर थांबण्यात अर्थ नाही, तुम्ही बघताच आहात."

बघते आहे. रोज बघते आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

शाळेत नोव्हेंबरच्या नाटकाची निवड झाली. भिंगरीला मुख्य काम मिळालं! एका वकिलाचं. अर्धा तास रंगमंचावर एकटीने बोलायचं आहे.

नवऱ्याने तिला उचलून गरागरा फिरवलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दंड मजबूत आहेत, तरी म्हणाला, "आता जड झालीस गं." मीही हसले. तोंडाने.

शाळेने फोटो पाठवला, निवडलेल्या मुलांचा. ती पहिल्या रांगेत, मधोमध. डाव्या जबड्यावर बोराएवढी लाल गाठ, आणि दात दाखवून हसतेय.

माझा नववीचा वर्गाचा फोटो आईकडे आहे. मी शेवटच्या रांगेत आहे, पुढच्या मुलीच्या डोक्याआड. नुसता एक कान दिसतो. गाणं येत होतं मला. बाई दोनदा म्हणाल्या, "पुढे ये, तू गा." गेले नाही. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही.

हिला कोणी सांगितलं की असं हसायचं असतं? माझ्याकडून तर शिकली नाही.

वाटलं, एकदा तरी तिने केस गालावर ओढावेत. एकदा! म्हणजे कळेल.

काय कळेल? देवा, काय लिहितेय मी हे.

९ सप्टेंबर

गाठ वाढली. लोणीने चार तारखेची वेळ दिली होती, तीही मी फोन करून रद्द केली. आज भाजीवाल्याने विचारलं, "बेबीला काही चावलं का?" ती म्हणाली, "हो, अभ्यास." दोघं हसले. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

"दुखतंय?"

"रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही."

नवरा जेवताना म्हणाला, "अगं, तुझ्याच इथे डॉक्टर आहेत ना? दाखव की!"

"वयाच्या असतात," मी म्हटलं. "जातील."

आईचा आवाज होता तो. हुबेहूब. तोच सूर, तीच मान हलवण्याची तऱ्हा. मी ताट उचललं आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

१७ सप्टेंबर

आज बुधवार, तालीम नव्हती. तरी भिंगरी आली. माझ्याकडे नाही, सरळ वर.

मी काचा पोचवायला गेले तर दार अर्धवट उघडं. भिंगरी खालच्या आवाजात बोलत होती, लोणी मान डोलवत ऐकत होती. शेवटचं तेवढं कानावर आलं: "पण तिला कळू देऊ नका हं, डॉक्टरताई." मी आत गेले आणि दोघी गप्प. लोणीने समोरचा कागद फायलीखाली सरकवला.

काचा ठेवल्या. आले.

मला न सांगण्यासारखं काय असतं? माझ्याबद्दल तक्रार करत असेल. आई नेत नाही, आई टाळते. करू दे! की मुलगाबिलगा आहे कोणी? असेल तर असेल, पण ते मला न सांगता तिला? नऊ महिने वाढवलं मी, ताप आला की रात्ररात्र बसले मी, आणि मनातलं सांगायला कोण, तर लोणी! जिला काही सोसावं लागलं नाही ती. माझी लेकही आयती मिळाली तिला.

बसमध्ये भिंगरी खांद्यावर डोकं ठेवून झोपली. उजवा गाल टेकवून. मी खांदा हलवला नाही. पण कुरवाळलंही नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लोणी स्वतः खाली आली.

डॉक्टर लोक आमच्या मजल्यावर येत नाहीत. मेणाचा वास सहन होत नाही. ती आली, भिंगरीचा हात धरून. दार लावून घेतलं.

"ताई, दोनदा वेळ दिली. तुम्ही दोनदा रद्द केली. मी आज तिला वर नेतेय. ती लहान आहे, पालकाची सही लागेल. तुम्ही येताय, की तिच्या बाबांना फोन करू?"

आवाज चढवला नाही. मग हळूच म्हणाली, "तुम्ही रोज हेच कापता, ताई. तुम्हाला मी काय समजवायचं?"

मी हातमोजे काढले. एक निघेचना. घामाने चिकटला होता.

वर दिव्याखाली भिंगरी झोपलेली. लोणीने तारे एकेक करून काढले. मी जवळून पाहिलं, बऱ्याच दिवसांनी. अकरा फोड. चार गाठी. जबड्यावरची मोठी गाठ मधे मऊ पडलेली.

"कधीपासून आहे ही मोठी?"

"पंधरा दिवस," मी म्हटलं.

"आई, दीड महिना झाला," भिंगरी डोळे मिटूनच बोलली. मग लगेच: "आईला सुट्टी मिळत नव्हती, डॉक्टरताई. तिला काम फार असतं."

लोणी लिहीत राहिली. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गोळ्या दिल्या, रात्री लावायचं मलम दिलं, सकाळी लावायचं वेगळं. दर दोन आठवड्यांनी दाखवायचं. "बाकीचे बसतील," लोणी म्हणाली. "जबड्यावरच्या जागेचं सांगत नाही. तिथे खूप दिवस धुमसलंय."

मी सही केली.

४ ऑक्टोबर

बसताहेत! कपाळ साफ झालं. गालावरची लाली उतरतेय. भिंगरीने उरलेले तारे वहीच्या मुखपृष्ठावर चिकटवले.

मला आनंद झाला. खरंच झाला. आणि आनंदाच्या खालून दुसरं वर आलं: एवढं सोपं होतं? दोन मलमं आणि मूठभर गोळ्या? सव्वीस वर्षं मी जे तोंडावर वागवलं, ते हिचं अकरा दिवसांत उतरायला लागलं! त्या काळीही काही ना काही औषध असेलच. कोणीतरी मला एका दिव्याखाली झोपवायला हवं होतं. कोणीतरी दार लावून आईला म्हणायला हवं होतं, येताय की फोन करू?

हेवा जात नाही. कमी झाला असं लिहिलं तर खोटं होईल.

५ ऑक्टोबर

जबड्यावरची गाठ बसली. तिथे खड्डा आहे.

१४ ऑक्टोबर

लोणीने छोट्या पट्टीने मोजला. तीन मिलिमीटर. "मोठी झाली की यावर काही करता येईल," म्हणाली. "पूर्ण नाही भरणार." भिंगरीने आरशात बघितलं, बोट फिरवलं. "अंधारात तर दिसत नाही ना?" लोणी हसली. मी खिडकीबाहेर बघत होते.

आज काचा मोजताना तीनदा आकडा चुकले. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. तिसऱ्यांदा बटण शून्यावर आणून ठेवलं आणि बसून राहिले.

खड्ड्याला मीच कारण. कोणी म्हणणार नाही, कुठे लिहिलं जाणार नाही. नवऱ्याला माहीत नाही. लोणीला अंदाज असेल. तिने हिशोब केला असेल मनात, एकवीस ऑगस्ट ते तेवीस सप्टेंबर. तेहेतीस दिवस.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज नाटक झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

सभागृह भरलेलं. भिंगरी काळा कोट घालून आली. तो नवऱ्याचा, बाह्या आत दुमडलेल्या. अर्धा तास बोलली. अडखळली एकदाच, तिथेही असं थांबली की मुद्दाम थांबल्यासारखं वाटलं. उजेड डावीकडून येत होता, जबड्यावर सावली पडत होती त्या जागेची. मला तेवढीच दिसत होती. बाकीचे टाळ्या वाजवत होते. लोणी आली होती, दोन रांगा पुढे. तिने शिट्टी वाजवली! बोटं तोंडात घालून! मला येत नाही.

नंतर मी आत गेले. वर्गातच रंगरंगोटीची खोली केली होती. बाक भिंतीला सरकवलेले, खिडकीत आरसा टेकवलेला. बाकीच्या मुली निघून गेल्या होत्या. ती तोंडावरचा रंग पुसत होती. खड्ड्यात रंग अडकून बसला होता, तो कापसाने काढत होती.

"छान केलंस," मी म्हटलं.

"आई, हा राहिला ना, तो माझ्यामुळेच," ती आरशात बघून म्हणाली. सहज. "मी सारखी हात लावायचे. रात्री दाबायचेसुद्धा, तुला माहीत नाही. वर्गातल्या मुलीही म्हणाल्या, तू हात लावलास म्हणून पडला. मूर्खच आहे मी."

तिच्या तोंडून 'मूर्ख'! मी सव्वीस वर्षं स्वतःला हेच म्हणत आले. घाणेरडी, मूर्ख, तोंड धुता येत नाही. पिवळे तारे लावणारी ही पोर. तिलाही शेवटी मी तिथेच आणून ठेवलं.

बाकावर बसले. म्हटलं, "तुझ्या हातामुळे नाही. माझ्यामुळे."

"म्हणजे?"

"मला सुट्टी मिळत होती. लागतच नव्हती, वरच जायचं होतं. मी तुला मुद्दाम नेलं नाही."

कापूस हातातच राहिला. "का?"

खोटं सांगता आलं असतं. भीती वाटली, पैसे नव्हते, विसरले. काहीही चाललं असतं, तिने विश्वास ठेवला असता. पण मग ते 'मूर्ख' तिच्यापाशीच राहिलं असतं.

"मला तुझा हेवा वाटला," मी म्हटलं. "तू लाजत नव्हतीस. मी तुझ्या वयाची असताना घराबाहेर पडत नव्हते. तू तारे लावून नाचत होतीस. मला... वाटलं, तुलाही थोडं कळावं."

तिने कापूस बाकावर ठेवला. बाहेर कोणीतरी खुर्च्या एकावर एक ठेवत होतं, ते सगळं ऐकू आलं.

"तू आई आहेस ना माझी?" ती म्हणाली.

मग कोट काढला, घडी घातली, माझ्या हातात न देता बाकावर ठेवला, आणि गेली. घरी बाबांबरोबर आली. मी मागून एकटी.

१६ नोव्हेंबर

बोलत नाही.

१९ नोव्हेंबर

बोलत नाही. नवऱ्याला निरोप्या केलाय. "बाबा, तिला सांग मला उद्या डबा नको." तो विचारतो, काय झालं तुम्हा दोघींचं? काल रात्री सांगितलं त्याला सगळं. तो उठून बसला. मग म्हणाला, "हे तू मला आधी सांगायला हवं होतंस." आणि दिवा मालवला. खरं आहे. हिच्याशी बोलायला हवं होतं, त्याच्याशी बोलायला हवं होतं, आणि मी वहीशी बोलत बसले.

आता तालीम नाही, नाटकच संपलं, तरी चारला माझं लक्ष दाराकडे जातं.

२४ नोव्हेंबर

लोणीचा निरोप: उद्या अकराला वर या. काचांचं काही असेल. की ती आता मला बोलणार? बोलू दे. माझ्या लेकीने सांगितलं असणार तिला. तिलाच सांगते ती सगळं.

जळफळाट इतका, की चहाचा कप आपटला. कान तुटला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काचांचं काही नव्हतं. टेबलावर नवा केसपेपर होता, माझ्या नावाचा. लोणी म्हणाली, "बसा, ताई. भिंगरी ऑगस्टपासून माझ्या मागे लागली होती. स्वतःसाठी नाही, तुमच्यासाठी. 'माझ्या आईलाही येतात, ती कोणाला दाखवत नाही, तिला वाईट न वाटता कसं आणायचं?' मीच म्हणत होते, धीर धर. काल येऊन म्हणाली, आता थांबायचं नाही, उद्याचीच वेळ द्या."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी दिव्याखाली तोंड वर केलं. लोणीची बोटं गार होती.

बाहेर आले तर बाकावर भिंगरी. शाळा बुडवून आलेली, मांडीवर दप्तर. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या हातातली औषधांची चिठ्ठी काढून घेतली आणि जिन्याकडे चालू लागली.

बोलत नाही अजून. औषधं तिनेच आणली.